आत्मविश्वास क्लासमध्ये विकत मिळत नाही, तो वस्तीत तयार करावा लागतो

धाराशिव जिल्ह्यातला आपला तरुण लेखी परीक्षेला घाबरत नाही. गावातल्या अभ्यासिकेत रात्री जागून तो प्रश्नपत्रिका सोडवतो. पुण्याच्या नवी पेठेत एका खुर्चीसाठी महिन्याचे भाडे भरतो, एक वेळच्या मेसवर दिवस काढतो आणि पास होतो. तो अडखळतो ते त्यानंतर. मुलाखतीचे पत्र हातात आले की घरात पेढे वाटले जातात आणि त्याच रात्री त्याची झोप उडते. भूम-परंड्यापासून उमरग्यापर्यंत जिथे जिथे आम्ही तरुणांशी बोलतो, तिथे हाच प्रश्न येतो : ‘अभ्यास झाला आहे, पण समोर चार साहेब बसले की तोंडातून शब्द फुटत नाही. काय करायचे?’

या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे मिळतात. पहिले उत्तर चळवळीतल्या काही जणांचे : व्यवस्थाच जातीवादी आहे, आडनाव बघूनच निकाल लागतो, तयारी करून उपयोग काय? दुसरे उत्तर व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासवाल्यांचे : जातपात आता राहिली नाही, मनातला न्यूनगंड काढा, आरशासमोर उभे राहून ‘मी जिंकणारच’ म्हणा, फी एवढी एवढी. आम्हाला ही दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. पहिले उत्तर तरुणाला लढण्याआधीच मैदानातून घरी पाठवते. दुसरे उत्तर समाजाने केलेल्या अन्यायाचा दोष त्या तरुणाच्याच स्वभावावर ढकलते. आमचे म्हणणे तिसरे आहे. मुलाखतीत जात शिरते हे खरे आहे, आणि म्हणूनच मुलाखतीची तयारी ही एकट्या उमेदवाराची खासगी बाब न राहता ती वस्तीची, विहाराची आणि चळवळीची जबाबदारी झाली पाहिजे.

वतनात मुलाखत नव्हती

मुलाखत म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आठवला पाहिजे. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी, आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद झाली आणि बाबासाहेब त्या परिषदेला आले होते. परिषदेचा विषय होता वतन. त्याआधी १९२८ सालीच बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले होते. इतकी वर्षे ते वतनाच्या मागे का लागले होते?

कारण वतन ही अशी नोकरी होती, जिच्यासाठी कोणाची मुलाखत घ्यावी लागत नव्हती. कोणाच्या पोटी जन्मलास एवढा एकच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर आधीच ठरलेले होते. महाराच्या घरात जन्मला म्हणजे त्याने सांगावे पोहोचवायचे, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढे धावायचे, मेलेली जनावरे ओढायची आणि पाटलाच्या दारात भाकरीसाठी उभे राहायचे. तुला काय येते, काय आवडते, काय शिकायचे आहे, हे त्याला कोणी कधीच विचारले नाही.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवा. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी तरुण भीमरावांना परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती देण्याआधी भेटीस बोलावले. चरित्रकारांनी नोंदवल्याप्रमाणे महाराजांचे प्रश्न साधे होते : कोणता विषय शिकणार आणि त्या शिक्षणाचे पुढे काय करणार? भीमरावांनी समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सार्वजनिक वित्त हे विषय सांगितले, आणि आपल्या समाजाची अवस्था सुधारण्याचा मार्ग त्यातून शोधायचा आहे, असे उत्तर दिले. ही आपल्या इतिहासातली एक मोठी मुलाखतच होती. तिच्यात प्रश्न उमेदवाराच्या डोक्यातल्या गोष्टींविषयी होते आणि उत्तर तयार होते. कारण विचार आधी केलेला होता.

चांगली मुलाखत म्हणजे वतनाच्या बरोबर उलटी गोष्ट. ‘कोणाचा मुलगा?’ ऐवजी ‘काय येते?’ हा प्रश्न विचारला जाणे, हेच आपल्या लढ्याचे एक यश आहे. म्हणून मुलाखतीपासून पळणे आपल्या परंपरेत बसत नाही. आणि म्हणूनच, जेव्हा एखादा अधिकारी कामाचे सोडून ‘वडील काय करतात, मूळ गाव कुठले, हे आडनाव कोणाचे?’ एवढ्यावरच घुटमळतो, तेव्हा तो वतनाची पद्धत मागच्या दाराने पुन्हा खोलीत आणत असतो.

हा आमच्या मनाचा खेळ नाही

‘तुम्हा लोकांना सगळीकडे जात दिसते’ असे म्हणणाऱ्यांसाठी काही गोष्टी नोंदवून ठेवू.

सुखदेव थोरात आणि पॉल अट्टवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या ५४८ नोकरीच्या जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवून एक अभ्यास केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. शिक्षण सारखे, पात्रता सारखी. फरक फक्त नावात. उच्चजातीय हिंदू नावाला बोलावणे येण्याचे प्रमाण १ मानले, तर दलित नावाला ते ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ इतकेच भरले. म्हणजे उमेदवार खोलीत शिरण्याआधीच, नुसत्या कागदावर, त्याच्या आडनावाची मुलाखत होऊन गेलेली असते.

त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांचा मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून केलेला अभ्यास आला. हे अधिकारी तोंडाने फक्त गुणवत्तेची भाषा बोलत होते, आणि तरीही उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ महत्त्वाची मानत होते. वडिलांचे शिक्षण, घरचे वातावरण, गाव की शहर यावरून ते माणसाचा अंदाज बांधत होते. शेतमजुराच्या मुलीची गुणवत्ता तिच्या वडिलांच्या धंद्यावरून मोजायची आणि त्याला ‘मेरिट’ म्हणायचे, ही चलाखी ओळखता आली पाहिजे.

न्यायालयांनीही हा धोका ओळखला आहे. नोव्हेंबर १९८० मध्ये अजय हसिया खटल्याचा निकाल लागला. प्रकरण श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशाचे होते. मुलाखती दोन-तीन मिनिटांत उरकल्या आणि प्रश्न आई-वडील कोण, राहता कुठे एवढेच होते, अशी तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने मुलाखतीला एक तृतीयांश गुण ठेवणे मनमानी ठरवले, १५ टक्क्यांपेक्षा जास्त गुण नकोत असे सांगितले आणि मुलाखत ध्वनिमुद्रित करण्याचीही सूचना केली. म्हणजे ‘वडील काय करतात?’ या प्रश्नावर गुण देणे चुकीचे आहे, ही केवळ आमची तक्रार नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे तिची चर्चा झालेली आहे.

आधी खोली ओळखा

सगळ्या मुलाखती सारख्या नसतात. कुठे किती वजन आहे हे माहीत नसेल, तर भीती उगाच मोठी होते.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’, गट ‘ड’ आणि गट ‘ब’ अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. तिथे लेखी परीक्षेवरच निकाल लागतो. एमपीएससी राज्यसेवेच्या नव्या वर्णनात्मक पद्धतीत २,०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीला आहेत, यूपीएससीचेही तसेच. बँकेच्या आयबीपीएस पीओ भरतीत मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांचे वजन ८० आणि २० असे धरतात. इथे मुलाखत निर्णायक ठरू शकते, पण लेखीतली मेहनत ती पुसून टाकू शकत नाही.

खरा धोका आहे तो जिथे सगळे मुलाखतीवरच चालते तिथे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाची शैक्षणिक कामगिरी यादी लावण्यापुरती धरली आणि अंतिम निवड मुलाखतीवर सोपवली. राखीव जागेवर नेट-सेट, पीएचडी झालेले उमेदवार येतात आणि शेरा मिळतो, ‘योग्य उमेदवार आढळला नाही’. पवित्र पोर्टलवर शिक्षक भरतीचे ‘मुलाखतीशिवाय’ आणि ‘मुलाखतीसह’ असे दोन रस्ते आहेत. दुसऱ्या रस्त्यावर संस्थाचालक बसलेला असतो. आरोग्य विभागातली कंत्राटी पदे, खासगी कारखाने, पुण्यातल्या कंपन्या यांच्या ‘थेट मुलाखती’ असतात. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, म्हणून तिथे तयारीच जास्त लागते.

पाच प्रश्न, ज्यांची उत्तरे आजच तयार हवीत

आत्मविश्वास म्हणजे मोठ्या आवाजात बोलणे नव्हे. आपल्याला कोणता प्रश्न येणार हे ठाऊक असणे आणि त्याचे खरे उत्तर तोंडात असणे, यालाच आम्ही आत्मविश्वास म्हणतो.

एक, ‘वडील काय करतात?’ उत्तर तीन वाक्यांत द्या आणि थांबा. ‘वडील शेतमजूर आहेत. आई अंगणवाडीत मदतनीस आहे. घरातली पहिली पदवीधर मी आहे.’ यात दया मागू नका आणि फुशारकीही मारू नका. वडील ऊसतोडीला जात असतील तर तसेच सांगा. ज्यांच्या कष्टाने आपण त्या खुर्चीपर्यंत आलो, त्यांचा धंदा सांगताना आवाज खाली जाता कामा नये. पुढे काही विचारले, तर ऊसतोड कामगारांचे स्थलांतर, मुलांची शाळा, मुकादमाची उचल यावर बोलता आले पाहिजे. समोरच्या चौघांना पुस्तकातून माहीत असलेली गोष्ट तुम्ही घरातून पाहिलेली आहे. तिथे जाणकार तुम्ही आहात.

दोन, जातीचा थेट प्रश्न. सरकारी भरतीत कागदपत्रांत सगळे लिहिलेलेच असते, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. लपवणारा उमेदवार वीस मिनिटे उत्तरे कमी देतो आणि भीती जास्त सांभाळतो. विचारले तर ‘मी बौद्ध आहे’ हे दोन श्वासांच्या मध्ये, जसे आपण आपले गाव सांगतो तसे सांगून टाका. खासगी मुलाखतीत मात्र जात सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. ‘सर, या पदाच्या कामाविषयी मी सविस्तर सांगू शकतो,’ असे शांतपणे म्हणणे हा तुमचा अधिकार आहे. काय सांगायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. नोकरीची गरज असलेल्या पोरावर आम्ही हौतात्म्याची सक्ती करणार नाही.

तीन, ‘आरक्षणाबद्दल तुमचे मत काय?’ हा प्रश्न आपल्या मुलांना हमखास विचारला जातो आणि आपली मुले एक तर गप्प होतात किंवा भडकतात. तुम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात नाही. धोरणाचा अभ्यास असलेल्या माणसासारखे बोला. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८.३३ टक्के जागा मिळाल्या. राज्यघटनेचे कलम १६(४) पुरेसे प्रतिनिधित्व नसलेल्या मागास वर्गांसाठी आहे. हा गरिबी हटवण्याचा कार्यक्रम नसून सत्तेत वाटा देण्याची तरतूद आहे. एवढे मुद्दे क्रमाने, दोन मिनिटांत सांगितले की पॅनेललाही कळते की समोरच्याने वाचले आहे. विरोधी मत समोर आले तर ते आधी पूर्ण ऐका, मग मुद्द्याने उत्तर द्या.

चार, ‘तुमच्या गावाबद्दल, जिल्ह्याबद्दल सांगा.’ इथे धाराशिवचे उमेदवार तुळजाभवानी आणि दुष्काळ एवढ्यावर संपतात. आपल्या जिल्ह्याकडे याहून पुष्कळ आहे, आणि त्यातले बरेच आपले आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. रोमशी व्यापार करणाऱ्या या नगराचा उल्लेख ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आहे. तेरला बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले आणि तिथले त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्य होते, असे अभ्यासक मानतात. तिथल्या लामतुरे संग्रहालयातल्या वस्तू एकदा जाऊन डोळ्यांनी पाहा. धाराशिवची लेणी, नळदुर्ग आणि परंड्याचे किल्ले, १७ सप्टेंबर १९४८ ची निजामापासून मुक्ती, ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आणि त्यात उद्ध्वस्त झालेले सास्तूर, देशभर ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी, सोयाबीनचे भाव, तुळजापूरचे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे केंद्र, कसबे तडवळ्याची परिषद. आपला जिल्हा नंदुरबार, वाशीम आणि गडचिरोलीसोबत केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत का गेला, याचे उत्तर आरोग्य, शिक्षण आणि शेतीच्या अंगाने देता आले पाहिजे. ज्याला आपली माती माहीत आहे, त्याला समोरचा सहज हलवू शकत नाही.

पाच, मुलींना विचारला जाणारा प्रश्न : ‘लग्न झाल्यावर नोकरी करणार का? घरचे पाठवतील का?’ मुलाला हा प्रश्न कधी विचारत नाहीत. उत्तर छोटे असावे : ‘हो सर, नोकरी हा माझा निर्णय आहे आणि बदलीच्या ठिकाणी जाण्याची माझी तयारी आहे.’ स्पष्टीकरण देत बसू नका. पण हे उत्तर खरे ठरण्यासाठी मुलीच्या बापाने आणि भावाने घरात आधी काही ठरवलेले असले पाहिजे, हेही इथेच सांगून ठेवतो.

बोली, कपडे आणि जोहार

भाषेचा धाक आपल्या पोरांना सगळ्यात जास्त असतो. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटले तर हसतील का? आमचे मत स्पष्ट आहे : मराठवाड्याची बोली हा दोष नाही. शुद्ध-अशुद्धची मोजपट्टी कोणी, कोणाच्या घरातल्या भाषेवरून तयार केली हे आपल्याला माहीत आहे. मात्र बोलणे समोरच्याला नीट कळले पाहिजे, आणि पदाच्या कामाचे शब्द अचूक आले पाहिजेत. सातबारा, फेरफार, ताळेबंद, लसीकरण, जे तुमच्या कामाचे असतील ते. यूपीएससीतही मराठीतून मुलाखत देता येते. इंग्रजी आवश्यक असेल तिथे स्वतःविषयी आणि कामाविषयी पन्नास वाक्ये स्वतः लिहा आणि रोज मोठ्याने बोला. पाठ केलेला उसना निबंध पहिल्याच उपप्रश्नाला कोसळतो. आणि जे येत नाही त्याला ‘मला माहीत नाही, सर’ हे सरळ वाक्य आहे. त्याने जेवढे गुण जातात, त्याहून जास्त थापा मारल्याने जातात.

कपड्यांसाठी कर्ज काढू नका. धुतलेला, इस्त्री केलेला शर्ट, साधी पँट किंवा साडी-पंजाबी ड्रेस, पॉलिश केलेली चप्पल किंवा बूट पुरेसे आहेत. बाबासाहेबांचा सूट आपल्याला प्रिय आहे, कारण ज्यांनी काय घालावे हे इतरांनी ठरवले होते, त्या समाजाचा माणूस तो सूट घालून सरळ उभा राहिला. महत्त्व त्या सरळ उभे राहण्याला आहे. आपल्या आज्या-पणज्यांना पाटलासमोर वाकून जोहार घालावा लागत होता. साहेब दिसला की खांदे आपोआप पडणे, नजर खाली जाणे, खुर्चीच्या टोकावर बसणे हा तुमचा स्वभाव नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेला जोहार आहे. तो सरावाने जातो. नमस्कार करा, सांगितल्यावर पाठ टेकून बसा, प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहून बोला.

काही तरुण विचारतात, खोलीत शिरताना ‘जय भीम’ म्हणायचे का? आपली निष्ठा त्या दारात सिद्ध करण्याची गरज नाही. नमस्कार पुरेसा आहे. पण बायोडाटातून ‘जयंती उत्सव समितीचा सचिव’ ही ओळ खोडणाऱ्यांना आम्ही जरूर अडवू. वर्गणी गोळा करून पैशाचा हिशेब ठेवला, पोलिसांची परवानगी काढली, हजार माणसांची मिरवणूक शांततेत नेली, रक्तदान शिबिर भरवले. याला दुसऱ्या भाषेत व्यवस्थापनाचा अनुभव म्हणतात. ज्यांच्याकडे तो नाही ते तो शिकायला फी भरतात. ती ओळ ठेवा आणि आकड्यांसह सांगा.

रविवारची खुर्ची

आता मूळ मुद्दा. प्रस्थापित घरातल्या मुलाला मुलाखतीची तयारी वेगळी करावी लागत नाही. काका बँकेत व्यवस्थापक, मावशी प्राध्यापक, वडिलांचे मित्र अधिकारी. साहेबांशी कसे बोलायचे हे तो जेवणाच्या ताटावर शिकतो. त्याला आपण ‘नैसर्गिक आत्मविश्वास’ म्हणतो. त्यात नैसर्गिक काही नाही, तो वारसा आहे. आपल्या तरुणाकडे तो वारसा नाही, म्हणून तो सगळ्यांनी मिळून उभा करावा लागेल.

हे काम अवघड नाही. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी विहार आहे, अनेक गावांत अभ्यासिका आहेत. दर रविवारी दुपारी तिथे एक टेबल आणि चार खुर्च्या मांडा. पॅनेलवर एक निवृत्त शिक्षक किंवा बँक कर्मचारी, एक नोकरी करणारी स्त्री आणि नुकताच निवडला गेलेला एक तरुण. उमेदवाराला बाहेरून आत यायला लावा, वीस मिनिटे खऱ्या मुलाखतीसारखी घ्या, वरचे पाचही प्रश्न विचारा, मुद्दाम टोचून विचारा. मोबाईलवर चित्रीकरण करा आणि ते त्यालाच दाखवा. प्रश्नांची एक वही ठेवा. जो खरी मुलाखत देऊन येईल त्याने त्याच संध्याकाळी आपल्याला विचारलेले प्रश्न त्यात लिहावेत. वेळ दुपारची ठेवा, म्हणजे मुलींना अंधाराच्या आत घरी जाता येईल. अशा पाच मुलाखती विहारात दिलेल्या मुलीला सहाव्या वेळी खरे पॅनेल नवीन वाटणार नाही. जयंतीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा बाजूला काढला तर कागद, छपाई आणि पुण्या-मुंबईचे एसटीचे भाडे त्यातून निघेल.

इथे आमचा सवाल नोकरीत स्थिरावलेल्या आपल्याच बांधवांना आहे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी व्यथा बोलून दाखवली, ती आपण दरवर्षी भाषणांत सांगतो. ती सांगणाऱ्यांपैकी किती जण महिन्यातला एक रविवार गावच्या विहारात त्या खुर्चीवर बसायला तयार आहेत? चौदा एप्रिलला हार घालून घेण्यापेक्षा चौदा उमेदवारांना प्रश्न विचारणे हे जास्त मोठे ऋण फेडणे आहे.

सरकारी सोयीही सोडू नका. बार्टीच्या प्रशिक्षणाच्या आणि मुलाखत तयारीच्या जाहिराती वेळेवर पाहा, तालुक्यातल्या समतादूतांना विचारा. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज मुलाखतीचे पत्र येईपर्यंत थांबवू नका. बौद्ध उमेदवारांना १९९० च्या दुरुस्तीने केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती लागू आहेत, पण केंद्राच्या प्रमाणपत्राचा नमुना वेगळा असतो. तो आधीच काढून ठेवा. केंद्राच्या आणि सरकारी बँकांच्या अनेक भरत्यांत अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना मुलाखतीचा प्रवासखर्च मिळतो, म्हणून कॉल लेटर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि तिकीट जपून ठेवा.

निकाल काहीही लागो

नकार आला तर दोन गोष्टी वेगळ्या करा : तयारीत काय कमी पडले आणि अन्याय कुठे झाला. दोन्ही लिहून काढा, त्याच दिवशी, प्रश्नांसह. सरकारी भरतीत माहितीच्या अधिकारात आपले स्वतःचे गुण मागता येतात. पॅनेलवरच्या सदस्यांची नावे मात्र मिळत नाहीत, असा न्यायालयाचा निकाल आहे. जातीवरून अपमान झाला असेल, तर तारीख, वेळ, शब्द यांसह तक्रार अनुसूचित जाती आयोगाकडे करा आणि संघटनेला सोबत घ्या. पुरावा नसलेला संताप दोन दिवसांत विरतो. कागदावरची तक्रार टिकते. आणि हे लक्षात असू द्या, पॅनेल एका पदासाठीची योग्यता ठरवते. माणूस म्हणून तुमची किंमत ठरवण्याचा अधिकार तुम्ही कोणालाही दिलेला नाही.

नोकरी म्हणजे गुलामी, असे म्हणणारे काही कार्यकर्ते यावर नाराज होतील. त्यांना एवढेच सांगतो : कोलंबियाहून परतलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात पद मिळाले, पण राहायला खोली मिळाली नाही. नोकरीने जात संपत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला कळले नसेल. तरीही त्यांनी आपल्या माणसांसाठी नोकऱ्यांतल्या जागा भांडून मिळवल्या, कारण जिथे निर्णय होतात तिथे आपली माणसे असली पाहिजेत. आज मुलाखतीत ‘वडील काय करतात?’ एवढेच विचारणारा माणूस तिथे बसला आहे, कारण त्या खुर्चीवर आपले माणूस नाही. विहारातल्या टेबलासमोर आज जी मुलगी घाबरत बसेल, तिने दहा-पंधरा वर्षांनी खऱ्या पॅनेलवर बसावे आणि समोरच्या पोराला विचारावे, ‘तुला काय येते, ते सांग.’

येत्या रविवारी चार खुर्च्या मांडा. जय भीम!